बाटल्यांमध्ये गॅस कमी-जास्त होतोय, काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच घरी बिअर केलीये, साधी पेल एल, १९ लिटर. दोन आठवडे फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ठेवली, हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजायचं साधन) रीडिंग सलग तीन दिवस १.०१२ वरच होतं म्हणून आंबणं संपलं असं धरून बाटल्या भरल्या. बाटलीत गॅस तयार व्हावा म्हणून ११५ ग्रॅम साखर पाण्यात उकळून गार केली, बादलीत आधी ती ओतली आणि वरून नळीने बिअर सोडली, पण हलक्या हाताने ढवळायचं राहूनच गेलं आणि आता तेच डोक्यातून जात नाहीये.

आज नववा दिवस. एक बाटली थंड करून उघडली तर बारीकसं फुस्स झालं, ग्लासात कडेला चार बुडबुडे, फेस धरलाच नाही, चव जरा गोडसर. पण अंदाज घ्यायला एक प्लास्टिकची बाटली भरली होती ती दाबून बघितली तर दगडासारखी कडक! म्हणजे साखर सगळीकडे सारखी गेलीच नाही ना?

खोलीत १७-१८ डिग्री असतं, त्यामुळे यीस्ट सुस्त असेल असंही वाटतं. उबदार जागी हलवू का, पण मग ज्यांच्यात साखर जास्त गेलीये त्या फुटल्या तर? घरात लहान मुलं आहेत, काचेची खरंच भीती वाटते. सध्या सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात घालून वर जाड गोधडी टाकलीये. बूच किंचित सैल करून गॅस सोडायचा आणि परत नवीन बूच बसवायचं, असं कोणी केलंय का? की सरळ सगळ्या फ्रीजमध्ये टाकू? प्लीज लवकर सांगा.