मदत हवी आहे: रात्री लंगोट की डायपर?

बाळ दोन महिन्यांचं आहे. दिवसा सुती लंगोट वापरतो, दहा-बारा तरी होतात. त्याचं काही नाही, धुणं चालूच असतं. खरी पंचाईत रात्रीची. लंगोट जरा ओला झाला की लेक रडून घर डोक्यावर घेते. डायपर घातला तर सलग चार तास झोपते (आणि मीही!), पण सकाळी जांघेत, इलॅस्टिक टेकतं तिथे, लाल वळ दिसतो. पोट आणि डायपरमध्ये दोन बोटं जातात, म्हणजे फार घट्ट नसावा. मग माप मोठं घ्यायचं का? की ओल धरल्यानं होतंय?

सासूबाई म्हणतात, डायपर बंदच कर. मला ते झेपणार नाही, खरं सांगते.

घड्या घालून आत पॅड ठेवायचे कापडी डायपर रात्रभर टिकतात का? किती संच लागतात? पावसाळ्यात ते जाड पॅड वाळतात तरी का? फॅब्रिक सॉफ्टनर घातला की कापड पाणी शोषत नाही हे कळलंय, तो बंद केलाय. पुरळ नाही, नुसता वळच आहे. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी प्लीज सांगा.