कॅमेरा बंद, गृहपाठ रात्री अडीचला: ऑनलाइन वर्गात कोणतं मूल खरंच अडचणीत आहे हे कसं ओळखायचं?

महालची_वर्गशिक्षिका | 19 जुलै 2021

नववी आणि दहावी, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. शाळेत समुपदेशक नाही. विदर्भातलं सत्र जूनच्या शेवटी सुरू झालं तेही ऑनलाइनच. बहुतेक मुलांचा कॅमेरा बंद असतो. काहींच्या वहीचे फोटो रात्री दोन-अडीचला येतात, काहींचे यायचेच थांबलेत. घरी फोन केला की उत्तर मिळतं, "काही नाही जी मॅडम, पोट्टं नाटकं करते."

यातली नेटची किंवा फोनची अडचण कुठली आणि मनाची कुठली, हे वेगळं कसं काढायचं? मुलाशी बोलताना नेमकं काय विचारायचं? आणि गरज पडली तर नागपुरात कुठे पाठवायचं? 'सकारात्मक राहा' छापाचे संदेश कृपया नकोत, ग्रुपवर रोज येतात.

फुटाळा_काठ | 19 जुलै 2021

ताई, कॅमेऱ्यावरून काहीही ठरवू नका. एका खोलीत पाच माणसं, मागे वाळत घातलेले कपडे, रोजचा दीड जीबीचा पॅक. तीन-चार तास व्हिडिओ चालू ठेवला तर पॅक दुपारीच संपतो. शिवाय तासन् तास स्वतःचाच चेहरा बघत बसणं थकवणारं असतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी याच फेब्रुवारीत या थकव्याची चार कारणं मांडली: पडद्यावर अगदी जवळ आलेले चेहरे, सतत दिसणारं स्वतःचं रूप, जागचं हलता न येणं आणि समोरच्याचे हावभाव वाचायला मेंदूला पडणारे जास्तीचे कष्ट. वयात येणाऱ्या मुलांना यातलं दुसरं कारण विशेष जाचतं.

त्याऐवजी प्रत्येक मुलासाठी एका ओळीची नोंद ठेवा. हजेरी, गृहपाठ आल्याची वेळ, ग्रुपवर किंवा तासाला काही बोलला का, आणि मित्रांशी संपर्क आहे का. चौथी गोष्ट वर्गातल्याच एखाद्या मुलाकडून सहज कळते. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांचं काम. तुलना मात्र वर्गातल्या हुशार मुलाशी नको, त्याच मुलाच्या आधीच्या पंधरवड्याशी करा. नेटची अडचण असलेलं मूल तासाला गळतं, पण मित्रांना फोन करतं, संध्याकाळी गल्लीत दिसतं, उशिरा का होईना वही पाठवतं. मनाने खचलेलं मूल सगळीकडून एकदम मागे सरतं. हे दोन आठवडे टिकलं आणि खाणं, झोप, अभ्यास, मित्र यांतल्या दोन-तीन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या, तर थांबू नका.

आणखी एक. या वयातलं नैराश्य रडवेलं असेलच असं नाही. पुष्कळदा ते चिडचिड म्हणून दिसतं, नाहीतर रोजची डोकेदुखी, पोटदुखी म्हणून. घरचे ज्याला 'नाटकं' म्हणतात ते बरेचदा हेच असतं.

संत्राबर्फी | 19 जुलै 2021

रात्री अडीचच्या गृहपाठाबद्दल. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन मुळातच उशिरा पाझरायला लागतं. त्यात सकाळी शाळेत जाणं नाही, ऊन अंगावर पडणं नाही, म्हणजे शरीराच्या घड्याळाला लगामच उरला नाही. आपल्याकडे अजून एक भर: खिडकीत कूलर आणि उरलेल्या फटीला पडदा. जुलै उजाडला तरी कूलर निघत नाही आणि खोलीत सकाळी आठलाही अंधार असतो.

पालक इथे नेहमी एकच चूक करतात: "दहाला झोप" असा हुकूम सोडतात. झोप हुकमाने येत नाही. मग मूल अंधारात दोन तास तळमळतं आणि अंथरूण म्हणजे काळजीची जागा होऊन बसते. झोपायची नाही, उठायची वेळ पक्की करा. सध्या दहाला उठत असेल तर पावणेदहा. दोन-तीन दिवसांनी साडेनऊ. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणा. उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं गच्चीवर किंवा अंगणात, ढग असले तरी चालतं. (उन्हाळ्यात हे सातच्या आत उरकायला हवं, नंतर नागपुरात बाहेर उभं राहवत नाही.) दुपारची झोप वीस मिनिटं, तीनच्या आधी. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते, तेवढी रात्रीच मिळाली पाहिजे.

फसतं कुठे? रविवारी बारापर्यंत झोपू दिलं की आठवड्याची कमाई जाते. आणि फोन रात्री एकदम हिसकावून घेतला की मित्रांशी उरलेला एकुलता एक धागाही तुटतो. संध्याकाळी सात ते साडेआठ मित्रांसाठी वेळ द्या आणि नंतर घरातल्या सगळ्यांचेच फोन एका जागी चार्जिंगला लावा. आई-बाबांचेही. नाहीतर मूल ऐकणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

शाळेच्या हातातलं सांगायचं तर, ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शिकेत (जुलै 2020) नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त चार तासिका, प्रत्येकी 30 ते 45 मिनिटं असं म्हटलंय. तुमचं वेळापत्रक त्याहून लांब असेल तर मुख्याध्यापकांपुढे हा कागद ठेवा.

टेकडी_रोड | 20 जुलै 2021

सोपा मार्ग: पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची चाचणी गुगल फॉर्ममध्ये घालून सगळ्या वर्गाला पाठवा. दहाच्या वर गुण आले की पालकांना बोलवा.

फुटाळा_काठ | 20 जुलै 2021

कळकळीने सांगतो, असं करू नका. चाचणी चांगली आहे, पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. एखाद्या मुलाने शनिवारी रात्री अकराला तिथे 'रोज' अशी खूण केली आणि तुम्ही फॉर्म सोमवारी उघडला, तर? ज्याच्या उत्तरावर त्याच दिवशी धावून जाता येणार नाही, तो प्रश्न पन्नास मुलांना पाठवू नये. शिवाय फोन वडिलांचा असतो आणि उत्तरं घरात वाचली जातात. दहा हा आकडाही 'तज्ज्ञाला दाखवा' एवढंच सांगतो, त्याला निदान समजू नका.

महालची_वर्गशिक्षिका | 20 जुलै 2021

बरं झालं विचारलं. पण फोन केला तर मूल "काही नाही मॅडम" याच्या पुढे जात नाही. शेजारी घरचे बसलेले असतात.

फुटाळा_काठ | 20 जुलै 2021

पहिला प्रश्न हाच ठेवा: "फोन स्पीकरवर आहे का? जवळ कोणी आहे?" असेल तर हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, किंवा "पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलास की मिस्ड कॉल दे" म्हणा. अभ्यासाचा विषय पहिल्या फोनला काढूच नका. काल किती वाजता झोपलास? सकाळपासून काय खाल्लं? काल घराबाहेरच्या कोणाशी बोललास? आधी आवडायचं असं काय सुटलंय? 'असं का वागतोस' हा प्रश्न टाळा, 'का' ऐकलं की मूल सफाई द्यायला लागतं. दहा मिनिटं पुरे. पुढचा फोन कधी ते सांगा आणि त्या वेळेला कराच. तो चुकला तर तिसऱ्या फोनला मूल उचलणार नाही.

"जगावंसं वाटत नाही" असं काही कानावर आलं, किंवा नुसती शंका आली, तरी सरळ विचारा: "मरून जावं असे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला हायसं वाटतं. हो म्हटलं तर फोन ठेवू नका. आजच काही करायचं मनात आहे का ते विचारा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका; "मी घरातल्या एका माणसाला सांगणार आहे, कोणाला सांगू ते तू ठरव" असं म्हणा. त्या माणसाला सांगायचं: घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं कुलपात, मुलाला एकटं ठेवायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना.

दवाखाना म्हणजे नागपुरातली सरकारी रुग्णालयं: मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, पण नाव ऐकूनच पालक बिचकतात, म्हणून मी आधी मेडिकल सुचवतो. जिवाला धोका असेल तर 108. फोनवर बोलायला मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. पोलिसांच्या भीतीने बरीच घरं गप्प बसतात. त्यांना सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 अशा प्रयत्नामागे तीव्र ताण होता असं धरून चालतं, शिक्षेसाठी मागे लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये कोरोनाच्या लाटेत ज्यांच्या घरी माणूस गेला त्या मुलांची यादी वेगळी करा. त्यांचं दुःख म्हणजे आजार नव्हे, त्यांना चाचण्या नकोत. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलणारा कोणीतरी हवा. आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची (पालक गमावलेल्या मुलांसाठीची सरकारी मदत) चौकशी शाळेने करून द्या, ते घर त्या अवस्थेत नसतं.

संत्राबर्फी | 14 जुलै 2023

धागा वर काढतेय कारण लोक अजून इथून क्रमांक उचलतात. 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू आहे: 14416, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आधी हा लावा.

आणि आता प्रश्न उलटा आलाय: ऑनलाइनला सरावलेली काही मुलं शाळेच्या फाटकापाशी थबकतात. एकदम पूर्ण दिवस बसवू नका, आणि घरीही राहू देऊ नका. घरी थांबल्याने त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी भीती वाढते. पहिले दोन-तीन दिवस गणवेश घालून फाटकापर्यंत, मग आवडत्या विषयाची एक तासिका, मग मधल्या सुट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती थोडी ओसरेपर्यंत थांबायचं, ती ऐन भरात असताना घरी न्यायचं नाही. सोमवार सगळ्यात जड जातो, म्हणून नवी पायरी मंगळवारी किंवा बुधवारी चढवा.