१३ पैकी १३ जिंकूनही फ्लोरिडा स्टेट बाहेर: २०२३ची निवड योग्य होती का?

चौथा_डाउन: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०२३च्या मोसमात फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले, एसीसी या कॉन्फरन्सचं (कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद घेतलं, तरी निवड समितीने त्यांना पाचवं ठरवून चार संघांच्या प्लेऑफबाहेर (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद सामन्यांबाहेर) ठेवलं. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा आत गेले. मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता वगळला जाण्याची, २०१४मध्ये प्लेऑफ सुरू झाल्यापासूनची, ही पहिलीच वेळ, आणि माझ्या मते हा सरळ अन्याय आहे. अलाबामा सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर टेक्ससकडून ३४-२४ हरला होता. ऑबर्नविरुद्ध चौथ्या डाउनला (चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला) ३१ यार्ड हवे असताना शेवटच्या मिनिटात पास लागला, म्हणून वाचला. मग साखळी सामने खेळायचे तरी कशाला?

अटलांटाकर: तेव्हा समितीने चार सर्वोत्तम संघ निवडायचे होते, नुसते विजय मोजायचे नव्हते. महत्त्वाचा खेळाडू नसल्याचा पुढच्या सामन्यांवर परिणाम होणार असेल तर तो धरावा, असं नियमावलीतच आहे. १८ नोव्हेंबरला फ्लोरिडा स्टेटचा मुख्य क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमण चालवणारा) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. पुढच्या सामन्यात त्याच्या जागी आलेल्या टेट रोडमेकरच्या डोक्याला मार लागला. त्यामुळे लुइव्हिलसमोरच्या एसीसीच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन उतरला: २१ पैकी ८ पास, ५५ यार्ड. पासची भीती संपली की समोरचा संघ सेफ्टीला (सर्वात मागच्या बचावपटूला) पुढे आणून आठ जण खेळ सुरू होतो त्या रेषेजवळ उभे करतो. धावायला फट राहत नाही, प्ले-ॲक्शनला (धावण्याची हूल देऊन टाकलेल्या पासला) कोणी फसत नाही, तिसऱ्या डाउनला आठ यार्ड बाकी राहतात आणि पुन्हा पंट, म्हणजे लाथेने चेंडू समोरच्यांकडे. मिशिगनच्या बचावापुढे हे चाललं नसतं.

चौथा_डाउन: फट राहत नाही? त्याच सामन्यात लॉरन्स टोआफिलीने १० वेळा चेंडू घेऊन धावत ११८ यार्ड काढले. प्रशिक्षक नॉर्व्हेल यांनी काही वेळा स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) क्वार्टरबॅकऐवजी थेट रनिंग बॅककडे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे, दिला. चेंडू हातात देण्याचा टप्पा गळतो आणि अडवायला एक माणूस जास्त मिळतो, म्हणजे आठाचं गणित पुन्हा जुळतं. बचावाने लुइव्हिलला २०० यार्डही करू दिले नाहीत. १६-६. देखणं नव्हतं, पण जिंकले.

मैदानवेडी: २०१४चं ओहायो स्टेट आठवा. त्यांचा तिसरा क्वार्टरबॅक कार्डेल जोन्स बिग टेन कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात प्रथमच सुरुवातीपासून खेळला. तरी समितीने चौथं स्थान दिलं आणि तो संघ राष्ट्रीय विजेता झाला.

अटलांटाकर: ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जोन्सने विस्कॉन्सिनला ५९-० हरवलं, तीन टचडाउन (सहा गुणांचे) पास टाकले. समितीला उत्तर तिथेच मिळालं. ग्लेनने तसं काही दाखवलं नाही. पुढे ऑरेंज बोलमध्ये (प्लेऑफबाहेरचा मोसमाअखेरचा सामना) जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ हरवलं, ते वेगळंच.

मैदानवेडी: ऑरेंज बोल पुरावा म्हणून आणू नका. वीसहून जास्त खेळाडू नव्हते, कोणी ड्राफ्टसाठी (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीसाठी) बाहेर राहिले, कोणी दुसऱ्या कॉलेजकडे निघाले, कोणी जखमी. कीऑन कोलमन, ट्रे बेन्सन, जॅरेड व्हर्स नाहीत म्हणजे तो तेरा सामने जिंकलेला संघच नव्हे. नियम मला मान्य आहे, तो लावला कसा यावर माझा आक्षेप आहे. उपांत्य सामना १ जानेवारीला होता. मध्ये ३० दिवस. डोक्याच्या मारातून सावरायला रोडमेकरला तेवढा वेळ होता, पण समितीने तिसऱ्या क्वार्टरबॅकवरून संघ तोलला.

चौथा_डाउन: हेच मला सर्वात लागलं. निवडीनंतर ट्रॅव्हिसने लिहिलं की आपला पाय मोसमात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपेक्षा मोठा आहे हे लोकांना दिसलं असतं. २०२४च्या बारा संघांच्या नियमात हाच संघ पाचव्या मानांकनाने पहिली फेरी टालाहासीत, घरच्या मैदानावर खेळला असता.