लिओपोल्ड '1871पासूनचा पब' म्हणावा का?

वाटाड्या_मुंबई: रीगल थिएटर ते लिओपोल्ड कॅफे असा कुलाबा कॉजवेवरचा मराठी हेरिटेज वॉक आखतोय. माहितीपत्रकात 'लिओपोल्ड : 1871पासूनचा पब' छापायचं आहे. बरोबर आहे ना?

गल्लीबोळ: वर्ष बरोबर, 'पब' चूक. 1871 साली इराण्यांनी तिथे घाऊक खाद्यतेलाचं दुकान काढलं. उपाहारगृह वगैरे सगळं नंतरचं. नाव बेल्जियमच्या लिओपोल्ड राजावरून घेतलेलं. मालकांना सरसकट 'पारशी' लिहू नका. धर्म जरथुष्ट्रीच, पण पारशी शेकडो वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरले आणि हे इराणी एकोणिसाव्या शतकात व पुढे इराणच्या याझ्द-केरमानकडून आले. कोपऱ्यावरची हॉटेलं यांची.

परमिट_रूम: दारूचा भाग वेगळा सांगा, नाहीतर लोकांना वाटतं की इथे दीडशे वर्षं अखंड बिअर चालली. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय पिणं गुन्हा ठरलं. साठच्या दशकात बंधनं सैल होत गेली. परवानाधारकांनी बसून प्यायची जागा ती 'परमिट रूम', आणि पाट्यांवर तो शब्द अजून आहे. कायद्याने परवाना आजही लागतो. वयाची अट बिअरला 21, कडक दारूला 25. गटात कॉलेजची मुलं असतील तर हे आधीच सांगा.

गल्लीबोळ: वॉकची दिशाही उलटी करा. रीगलपासून निघालात तर आधी 1933चं थिएटर, मग शेजारचं 1932चं मोंडेगार कॅफे, शेवटी 1871, असा काळ मागे जातो आणि ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो. लिओपोल्डहून निघा. मोंडेगारला वेळ ठेवा, भिंतींवरची मारिओ मिरांडांची चित्रं घाईत बघायची नाहीत. गोव्याच्या या चित्रकाराने एका भिंतीवर मुंबईचं जगणं रेखाटलंय, त्यातली माणसं एकेक करून ओळखायला लावा.

परमिट_रूम: 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा लिओपोल्डने मुद्दाम जपल्या आहेत. हॉटेल काही दिवसांतच पुन्हा उघडलं होतं. त्याबद्दल जे सांगायचं ते बाहेरच सांगून घ्या. आत लोक जेवत असतात, त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बोट दाखवत मोठ्याने बोलणं बरं दिसत नाही. फेरीवाल्यांमुळे फुटपाथ अरुंद आहे, दहा-बाराच्या वर माणसं नेऊ नका. सकाळची वेळ धरा. पत्रकात पत्ता 'शहीद भगतसिंग मार्ग' असा द्या, कंसात कॉजवे.

वाटाड्या_मुंबई: छपाई थांबवली. आता 'स्थापना 1871, तेलाचं दुकान ते रेस्टॉरंट-बार' असं करतो, आणि सुरुवात लिओपोल्डपासून.