मदत हवी आहे: स्कोलिओसिस, आणि आता डाव्या हाताला चटका कळत नाही

नमस्कार. वय 36, सातारा जिल्ह्यात राहते. कणा वाकडा असल्याचं आठवीत कळलं, तेही शिंपीणबाईंमुळे. गणवेशाचं माप घेताना म्हणाल्या, "अगं, सरळ उभी राहा की!" मी सरळच उभी होते. तेव्हा कॉब अँगल (कणा किती वाकलाय याचं माप) 32 अंश होता, आता 41. बाक छातीच्या मणक्यांत, डावीकडे. ब्रेस (कण्याला आधार देणारा पट्टा) दोन वर्षं लावला, मग कंटाळून सोडला (आई अजून बोलून दाखवते). पाठदुखी अंगवळणी पडली आहे, धागा त्यासाठी नाही.

दिवाळीपासून डाव्या हाताचं काहीतरी बिनसलंय. भाकरी उलटताना बोट तव्याला टेकलं, मला पत्ताच नाही. संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, हा फोड कसला?" मग मुद्दाम एकाच बादलीत दोन्ही हात बुडवून पाहिले. उजव्याला पाणी कढत, डाव्याला कोमट. गंमत म्हणजे स्पर्श नीट कळतो, सुईत दोरा ओवता येतो. शिवाय जोरात खोकला आला की डोक्यामागे, मानेच्या वर, कळ येते.

बी-12 कमी निघालं, इंजेक्शनं झाली, आता पातळी ठीक आहे, हात तसाच. नसांची तपासणी (एनसीव्ही) नॉर्मल. एमआरआय फक्त कमरेचा काढला. डॉक्टर म्हणाले, टेन्शन कमी करा. टेन्शनने एकाच हाताला चटका कळेनासा होतो का हो?

वाचलं ते असं: छातीतला बाक बहुतेकांचा उजवीकडे असतो. डावीकडे असेल तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी (सिरिंगोमायेलिया) किंवा कियारी (मेंदूचा खालचा भाग मानेच्या बाजूला सरकणं) नाही ना, हे बघतात. ऊन-थंड आणि वेदना नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मधोमध ओलांडतात, म्हणून पोकळीचा फटका आधी त्यांना, स्पर्श मात्र शाबूत. एनसीव्ही मज्जारज्जूच्या आतलं दाखवत नाही. माझं तेच असेल असं म्हणत नाही, पण जुळतंय फार.

कुणी यातून गेलंय का? आधी न्यूरोलॉजिस्ट की मणक्याचे सर्जन? मानेसकट पूर्ण कण्याचा एमआरआय डॉक्टरांना राग न येता कसा मागू? आणि पाठीला उंचवटा असणाऱ्यांनी त्या मशीनमध्ये इतका वेळ उताणं कसं झोपायचं? मागच्या वेळी वीस मिनिटांतच रडकुंडीला आले होते. उशी, घडी घातलेली चादर, काही ठेवू देतात का?