आई-आप्पांना घेऊन अमेरिकेत गाडीनं फिरायचंय : ग्रँड कॅन्यन, झायन, यलोस्टोन, मे महिन्यात काय काय जमेल?

खानापूरकर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ सॉल्ट लेक सिटीला असतो, सहा वर्षं झाली या या म्हणायलाय, आता सगळ्यांचे व्हिसा हातात आलेत आणि मुलांच्या शाळेची सुट्टी धरून मे महिन्यात तीन आठवडे जायचं ठरलंय. आम्ही सहा जण आहोत. मी, बायको, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि आई-आप्पा. आप्पा ७२ चे, शुगर आहे खरं गोळ्यांवर कंट्रोलमध्ये आहे. आईचे गुडघे दुखतात, सपाटीला चालते, चढ-उतार आला की बसते.

भावानं दहा दिवसांची यादी पाठवलीय. यलोस्टोन, ग्रँड टीटन, तिथनं माउंट रशमोर, मग खाली आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली, अँटिलोप कॅन्यन, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस. त्याला स्वतःला सुट्टी आहे चारच दिवस, ती पण आम्ही पोचल्या पोचल्या, म्हणजे पुढं गाडी मलाच चालवायचीय. मी बेळगाव-पुणं, बेळगाव-बेंगळूर कितीतरी वेळा केलंय खरं तिथला अनुभव शून्य.

आणखी एक सांगतो. आप्पांनी खानापूर तालुक्यात ३१ वर्षं भूगोल शिकवला. मी पण त्यांच्याच वर्गात होतो. घळईचा धडा आला की कोलोरॅडो नदी आणि ग्रँड कॅन्यन फळ्यावर काढायचे, थर रंगीत खडूनं, वरचा पिवळट, मधले तांबडे, आणि तळाचा थर खडू न लावता फळ्याचा काळाच सोडायचे. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, ती दरी तेवढी दाखव म्हणालेत मला. आजपर्यंत त्यांनी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. तर ती नीट दाखवायची आहे. कुणी आई-वडिलांना घेऊन गेला असाल तर तेवढं सविस्तर सांगा की.

घटप्रभा

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला बसलो, कारण तुमच्या भावासारखीच यादी घेऊन आम्ही २०२३ ला गेलो होतो, आई-बाबा बरोबर, नऊ दिवसांत आठ ठिकाणं. ग्रँड कॅन्यनला संध्याकाळी साडेपाचला पोचलो, सूर्य मावळताना बघितलं, फोटो काढले आणि रात्रीचं हॉटेल दीडशे किलोमीटरवर बुक केलेलं म्हणून तासाभरात निघालो. गाडीत आई म्हणाली, आता कुठं डोळं बसायला लागलं होतं रे. ते वाक्य माझ्या अजून मनातनं जात नाही.

आणि ते खरंच आहे. पहिला अर्धा-पाऊण तास ती दरी कळतच नाही, मागं पडदा लावल्यागत दिसते. आपल्या गोकाकचा धबधबा १७० फूट धरा, तसले तीस एकावर एक ठेवले तर ती खोली भरते, जवळजवळ एक मैल. समोरचा नॉर्थ रिम, म्हणजे उत्तरेकडचा काठ, हात लांब केला तर लागंल असं वाटतं, सरळ रेषेत १६ किलोमीटर आहे खरं गाडीनं जायचं तर दरीला वळसा घालून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. दरीची लांबी ४४६ किलोमीटर. डोळ्याला माप सापडायलाच वेळ लागतो. ढग सरकला की आतली एखादी कड एकदम पुढं येते, तोवर ती तिथं आहे हे पण कळलेलं नसतं.

म्हणून माझं एकच सांगणं, ग्रँड कॅन्यनला तीन रात्री द्या, साउथ रिमलाच, आणि त्यासाठी बाकीचं कापा. माउंट रशमोर तर पहिलं काढून टाका, ते साउथ डकोटात आहे, तुमच्या वाटेवर कुठंच नाही. रिमवरच्या लॉजचं बुकिंग तेरा महिने आधी उघडतं त्यामुळं आता मे महिन्याचं मिळणं अवघड आहे, खरं लोक रद्द करत असतात, रोज सकाळी एकदा बघत राहा, आमच्या मेव्हण्याला असंच मिळालं. नाही मिळालं तर गेटच्या बाहेर टुसायान म्हणून गाव आहे, दहा-पंधरा मिनिटांवर.

आता आप्पांसाठी. रिमवर काठाकाठानं फरशीसारखी सपाट वाट आहे, तिचा एक भाग ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणून केलाय. एक मीटर चाललं की दहा लाख वर्षं मागं, अशी आखणी, जमिनीत पितळी खुणा बसवलेल्या आणि त्या त्या काळाचा दगड खालनं आणून बाजूला ठेवलाय, हात लावून बघता येतो. वाट यावापाई भूगर्भ संग्रहालयापासनं सुरू होते, तिथल्या मोठ्या काचेतनं समोर दरी आणि कुठला थर कुठला ते लिहिलेलं. सगळ्यात वरचा कायबाब चुनखडक २७ कोटी वर्षांचा, समुद्राच्या तळाशी तयार झालेला, त्यात शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात, आणि आज तो समुद्रसपाटीपासनं सात हजार फुटांवर आहे. तळाचा काळा खडक पावणेदोनशे कोटी वर्षांच्या घरातला. त्याचं नाव आप्पांना आत्ताच सांगू नका वाटल्यास, तिथंच सांगा. विष्णू शिस्ट. त्याच्याबरोबरचे रामा शिस्ट आणि ब्रह्मा शिस्ट. आत उभ्या असलेल्या सुळक्यांना पण विष्णू टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवा टेंपल अशी नावं आहेत, क्लॅरेन्स डटन म्हणून भूशास्त्रज्ञ १८८० च्या सुमाराला तिथं काम करत होता, त्यानं ही पद्धत पाडली.

व्हिजिटर सेंटरमध्ये व्हीलचेअर दिवसभरासाठी मिळते, आईंसाठी घ्याच. काठाकाठानं जाणाऱ्या हर्मिट रोडला मार्च ते नोव्हेंबर खासगी गाडी सोडत नाहीत, फुकट बस असते, तीच बरी.

चोर्लाघाट

गाडीचं मी सांगतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतच मिळतं, वर्षभर चालतं, ओरिजिनल लायसन पण जवळ ठेवा, दोन्ही लागतात. गाडी घेताना मोठ्या एसयूव्हीच्या नादाला लागू नका, मिनीव्हॅन घ्या. दार सरकतं, पायरी बुटकी, आईंना चढायला सोपं, सहा माणसं बसून मागं बॅगा पण राहतात. मुलगा ६ वर्षांचा म्हणजे बूस्टर सीट (मुलाला उंच बसवायची, पट्टा नीट बसावा म्हणून) लागणारच, यूटात आठ वर्षांखालच्याला कायद्यानं पाहिजे.

उजव्या बाजूनं चालवायची सवय एका दिवसात होते, हायवेला काहीच वाटत नाही. चूक होते ती पेट्रोल पंपातनं किंवा पार्किंगमधनं बाहेर पडताना, रिकाम्या रस्त्यावर हात आपोआप डावीकडं वळवतो. माझा वळलेला, समोरनं ट्रक होता, बायको ओरडली म्हणून वाचलो. तेव्हापासनं प्रत्येक वेळी रस्त्याला लागताना शेजारच्यानं मोठ्यानं ‘उजवीकडं’ म्हणायचं असा नियमच केला. तुमच्या मुलीला द्या हे काम, ११ वर्षांची आहे, मनापासनं करेल. चौकात चारी बाजूला स्टॉपचा बोर्ड असला तर गाडी पूर्ण थांबवायची आणि जो आधी आला तो आधी जातो. पिवळी शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दोन्ही बाजूची वाहनं थांबतात.

टाकी अर्धी झाली की भरा. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा, तासन् तास रेंज नसते. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात आणि आपल्या तवंदी घाटासारखे उजेडाचे धाबे तिथं कुठंच नाहीत.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. अॅरिझोना राज्य (ग्रँड कॅन्यन तिथंच) बाकी अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करत नाही, तिथल्या मूळ रहिवासी नावाहो लोकांचा प्रदेश (मॉन्युमेंट व्हॅली त्यातच) मात्र करतो. म्हणजे मॉन्युमेंट व्हॅलीतनं ग्रँड कॅन्यनला गेलात की घड्याळ एक तास मागं. अँटिलोप कॅन्यन पण नावाहो प्रदेशातच, तिथली टूर गाईडबरोबरच घ्यावी लागते, तिची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.

निपाणीची_लेक

राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशाच्या पासचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, १ जानेवारी २०२६ पासनं नियम बदललाय. वर्षाचा पास तिथं राहणाऱ्यांना ८० डॉलर, आपल्यासारख्या बाहेरनं आलेल्यांना २५० डॉलर. पास नसेल तर ठराविक ११ पार्कांत १६ वर्षांवरच्या प्रत्येकाला १०० डॉलर जादा. तुम्ही चौघं मोठे, आणि ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस तिन्ही त्या यादीत आहेत, म्हणजे १२०० डॉलर नुसते जादाचेच होतात. २५० चा पास घेऊन मोकळे व्हा. मॉन्युमेंट व्हॅलीला हा पास चालत नाही, ते नावाहो लोकांचं स्वतःचं पार्क आहे, तिकीट वेगळं. त्यांच्या प्रदेशात दारूला बंदी आहे.

आता जेवण. सासूबाई बाहेरचं खात नाहीत म्हणून मी छोटा राइस कुकर नेला होता आणि त्याच्यावर बारा दिवस काढले. मुगाची खिचडी, वरनं शेंगाचटणी. इथनं कडक भाकरी नेल्या होत्या चाळीस, कापडात गुंडाळून डब्यात, शेवटपर्यंत एक पण खराब झाली नाही. भडंग, मेतकूट, दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी. विमानतळावर फॉर्ममध्ये खाण्याचे पदार्थ आहेत म्हणून स्पष्ट लिहा, लपवू नका. मांस, ताजी फळं, बी-बियाणं नेऊ नका. दही, भाजी, फळं तिथं कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. पार्कात जागोजागी लाकडी टेबलं असतात, तिथं बसून कडक भाकरी दह्यात मोडून खाल्लेली आणि समोर ते तांबडे डोंगर, सासूबाई अजून सांगतात सगळ्यांना.

आप्पांना शुगर आहे तर सकाळचं खाणं चुकवू नका. बेळगाव अडीच हजार फुटांवर, ब्राइस आठ हजारांच्या वर, दम लागतो, तहान लागलेली कळत नाही. बाटली हातात द्या, बॅगेत नको.

टिळकवाडी_ते_डेन्व्हर

घटप्रभा म्हणतात ते पटतं, खरं यलोस्टोन काढायला मी सांगणार नाही. १८७२ ला झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान आहे ते आणि ज्यानं भूगोल शिकवलाय त्याला उकळती जमीन दाखवायची नाही म्हणजे काय? ओल्ड फेथफुल म्हणून गरम पाण्याचा फवारा आहे, साधारण दीड तासानं उडतो, समोर बाकडी आहेत, आईंना काहीच चढायचं नाही. ग्रँड प्रिस्मॅटिक या गरम झऱ्याचा रंग बघताना वाफ अंगावर येते, गंधकाचा वास येतो, मुलं नाक धरून हसतात. लाकडी वाटेवरनं पाय खाली टाकायचा नाही, मुलाचा हात सोडू नका, वरची कवचासारखी जमीन पातळ असते आणि खाली उकळतं पाणी, माणसं गेलीत तिथं. मे महिन्यात बायसनची पिल्लं असतात, तांबूस रंगाची. खानापूरच्या माणसाला गवा सांगायला नको, तेवढाच मान यालाही द्या, निदान २५ यार्ड लांब, अस्वल दिसलं तर १०० यार्ड.

घटप्रभा

टिळकवाडी, मान्य आहे, खरं मेच्या सुरुवातीला तिथं बर्फ असतो, काही रस्ते महिनाअखेरीस उघडतात. आणि पोचल्या पोचल्या आप्पांना घेऊन पाच तास गाडीत? साडेअकरा तासांचा फरक आहे, पहिले तीन दिवस रात्री दोनला जाग येते. खानापूरकर, भावाला सुट्टी शेवटच्या आठवड्यात घ्यायला सांगा. आधी खालची फेरी तुम्ही करा : सॉल्ट लेकहून मोआब दोन रात्री (आर्चेस), मॉन्युमेंट व्हॅली एक, ग्रँड कॅन्यन तीन, कनाब गावात दोन (तिथनं झायन), ब्राइस एक, परत. साधारण १२०० मैल, १९०० किलोमीटर. कुठल्याच दिवशी पाच तासांच्या वर गाडी नाही. मग दोन दिवस घरी पडून राहा आणि यलोस्टोनला भाऊ चालवंल.

मोआबहून मॉन्युमेंट व्हॅलीला जाताना जमलं तर फोर कॉर्नर्सला वाकडी वाट करा. चार राज्यांच्या सीमा एका ठिपक्यात मिळतात, मुलांना हात-पाय टेकून चारी राज्यांत एकदम उभं राहता येतं. आपण सीमाभागातली माणसं, माझे बाबा तिथं बराच वेळ उभे होते, काही बोलले नाहीत.

खानापूरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री भावाशी बोललो, त्यानं सुट्टी पुढं ढकललीय, २० मे नंतर यलोस्टोन. रशमोर, कॅन्यनलँड्स, टीटन काढलं. अँटिलोपचं बायकोला फार मन आहे, तिथं जिन्यावरनं उतरावं लागत असलं तर आई वर थांबेल, विचारतोय.

विष्णू शिस्टचं आप्पांना सांगायचं नाही असं ठरवलं होतं, खरं मुलीनं वाचलं आणि धावत जाऊन सांगितलं. आप्पा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले शिस्ट म्हणजे सुभाजा, दाब आणि उष्णतेनं बदललेला खडक, आणि कपाटातनं जुनी वही काढून तळाच्या काळ्या थराशेजारी नाव लिहिलं. आता ट्रेल ऑफ टाइमची पूर्ण लांबी किती ते विचारायलेत, सगळी चालायची म्हणून.

बूस्टर सीट गाडीबरोबर भाड्यानं घ्यावी की विकत?

चोर्लाघाट

विकतच घ्या, भाडं रोजचं लावतात. साधी बिनपाठीची सीट स्वस्तात मिळते, भावाला आधीच आणून ठेवायला सांगा, विमानतळावरनं घरी जातानाच लागणार आहे.

घटप्रभा

मुख्य वाट दोन किलोमीटरच्या थोडी वर आहे. सकाळी सातला सुरू करा, ऊन कमी असतं, मध्ये बाकडी आहेत. आणि आप्पांची ती वही बरोबर न्या.