घरभेटीत वृद्ध बाईंचा छळ होतोय असा संशय आला तर नेमकं काय करायचं?

केतकी_र

घरभेटी करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी दोन पानांचं सूचनापत्र लिहायला घेतलंय. 15 जून, म्हणजे ज्येष्ठांच्या छळाविरुद्धचा जागतिक जागृती दिन, जवळ आला की 'ज्येष्ठांचा आदर करा' छापाची पोस्टर्स ढिगाने मिळतात, पण दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कामाचं त्यात काही नसतं. अडलंय ते इथे: म्हातारपणी कातडी पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं पडतं, मग मारहाणीची खूण वेगळी ओळखायची कशी? घरातलं माणूस शेजारून हलतच नसेल तर आजींना विचारायचं कसं? त्या "कुणाला सांगू नका" म्हणाल्या तर? आणि नवरा-बायको दोघंही ऐंशीच्या घरात, तो हात उचलतो, घरचे म्हणतात वयामुळे चिडचिड होते. तेव्हा काय? कायद्याची कलमं नकोत, ती जागोजागी वेगळी. पहिल्या दोन-तीन भेटींत काय करावं आणि काय टाळावं, तेवढं हवंय.

रात्रपाळी

डागांचं सांगते. रंगावरून दिवस मोजायला जाऊ नका. 'पिवळा म्हणजे आठवडा झाला' हा हिशेब वृद्धांच्या बाबतीत चालत नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 65 च्या पुढच्या लोकांना रोज तपासलं, तर काही डाग पहिल्या 24 तासांतच पिवळे दिसत होते. त्याच अभ्यासात अपघाताने पडलेले जवळपास 90 टक्के डाग हातापायांवर होते; मान, कान, नितंब, गुप्तांग आणि तळपाय यांवर एकही नव्हता. म्हणून आधी जागा बघायची, मग आकार. चेहरा, मान किंवा पाठीवर 5 सेंटिमीटरहून मोठा डाग असेल तर 'कुठेतरी आपटलं असेल' म्हणून सोडू नका. रक्त पातळ करणारी औषधं किंवा स्टेरॉइड चालू असतील तर डाग लवकर आणि मोठे पडतात, त्यामुळे गोळ्यांची यादी आधी पाहून घ्या. पण त्या गोळ्या डाग कानामागे नेऊन ठेवत नाहीत.

दंडाच्या एका बाजूला ओळीने तीन-चार गोल डाग आणि उलट बाजूला एकच, ही घट्ट पकडल्याची खूण. इथे मात्र घाई नको. दंडाला धरून उठवणाऱ्या भल्या माणसाच्या हातूनही हेच होतं. "यांना खुर्चीतून उठवता कसं, जरा दाखवा" म्हणा, दोन मिनिटांत कळतं. तसं असेल तर तक्रार करण्याऐवजी आधाराने उठवायचा कमरेचा पट्टा आणि योग्य पकड शिकवायची. दोन्ही मनगटांवर सारखे आडवे पट्टे असतील तर मात्र बांधून ठेवल्याची शंका घ्यावी.

विसरभोळेपणा आहे म्हणून विचारायचं टाळू नका. मार खाल्लेल्या ज्येष्ठांच्या 2009 च्या एका अभ्यासात ज्यांच्या अंगावर डाग होते त्यांतल्या सुमारे 90 टक्क्यांनी डाग कशाने पडला ते सांगितलं. स्मृतिभ्रंश असलेलेही त्यांत होते.

गळा दाबल्याचं नुसतं बोलण्यात आलं तरी त्याच दिवशी दवाखाना. बाहेर खूण नसते, आवाज बसतो, गिळताना दुखतं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके येतात. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर नंतर पक्षाघात होऊ शकतो.

आणि गोळ्यांची पट्टी मोजा. रोज एक, 30 दिल्या, 12 दिवस झाले, म्हणजे 18 उरायला हव्यात. झोपेच्या गोळीच्या 6 च उरल्या असतील तर कुणीतरी आजींना गुंगीत ठेवतंय किंवा गोळ्या भलत्याच कुणाच्या पोटात जाताहेत. रक्तदाबाच्या 28 असतील तर औषध दिलंच जात नाहीये. वजनाचंही तसंच: महिन्यात 5 टक्के घट, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो उतरलं, तर आजार असो वा उपासमार, डॉक्टरला दाखवायलाच हवं.

विदुला

विचारण्याबद्दल. घरच्यांसमोर छळाचा प्रश्न विचारायचाच नाही, आडवळणानेही नाही. तुम्ही गेल्यावर त्या आजी त्याच माणसाबरोबर राहणार आहेत. एकांत मागताना तो कामाचा भाग म्हणून मागा: "सगळ्यांशीच दहा मिनिटं एकट्याने बोलतो, पद्धत आहे." ही पद्धत खरोखर सगळ्या घरांत पाळा, नाहीतर ज्या घरात मागाल तिथेच संशय येईल. एकांत दोन भेटींत मिळालाच नाही तर तीही नोंद करण्याजोगी गोष्ट. अशा वेळी डोळ्यांची तपासणी, दवाखाना, रक्त तपासणी अशा ठिकाणी गाठ पडते का बघा.

बसण्याआधी कानाचं यंत्र चालू आहे का पाहा. बॅटरी संपलेली, चष्मा 'सापडत नाही', वॉकर माळ्यावर टाकलेला, हे दर भेटीत दिसत असेल तर तो निव्वळ विसराळूपणा समजू नका. माणसाला घरात डांबायला कुलूपच लागतं असं नाही.

डॉक्टरांसाठी बनवलेली सहा प्रश्नांची एक चाळणी आहे, दोनेक मिनिटांत होते. गेल्या 12 महिन्यांबद्दल विचारायचं असतं. बेताने आपल्या शब्दांत: आंघोळ, जेवण, खरेदी, बँक यांसाठी कुणावर अवलंबून आहात का? जेवण, औषध, चष्मा, दवाखाना किंवा माणसांना भेटणं कुणी अडवलं का? कुणी असं बोललं का की लाज वाटली, भीती वाटली? मनाविरुद्ध सह्या करायला लावल्या, पैसे वापरले? कुणी घाबरवलं, नको तिथे हात लावला, मारलं? सहावा प्रश्न विचारायचा नसतो, डॉक्टरने स्वतः बघायचं असतं: नजर चुकवणं, अस्वच्छता, डाग, औषधांचा घोळ. पहिला प्रश्न सोडून कुठेही 'हो' आलं तर पुढे चौकशी करायची. ही चाळणी स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांसाठी तपासलेली आहे, आणि ती निदान नव्हे.

'छळ', 'अत्याचार' हे शब्द तुम्ही वापरू नका. पोटच्या मुलाला तो शब्द कुणी लावत नाही. "चिडला की काय करतो?" याला उत्तर येतं.

"कुणाला सांगू नका" याचं वचन आधीच देऊन बसू नका. सुरुवातीलाच सांगा: जिवाला धोका दिसला तर मला सांगावं लागेल, बाकी तुमच्या मर्जीने. समज शाबूत असलेल्या प्रौढ बाईंनी मदत नाकारली तर तो त्यांचा हक्क. रागावू नका, पुढच्या भेटीचा वार सांगून निघा. हो म्हणायला कैक महिने लागतात, तोवर तुमचं येणं-जाणं बंद पडू नये एवढं सांभाळायचं.

शिरीष_ज

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? मुलाला समोर बसवून चार शब्द सुनवावेत. समाजाची लाज बहुतेकांना असते.

विदुला

शिरीष, नेमकं इथेच बिघडतं. तुम्ही सुनावता आणि निघून येता, त्याचा हिशेब रात्री आजींकडून चुकता होतो. वर तुमच्यासाठी दार बंद. दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवणंही मारहाणीच्या घरात करू नये. ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर खरं कोण बोलणार?

एक मात्र मान्य: सगळेच मारकुटे नसतात. थकून ताळ सुटलेली सून किंवा मुलगा असेल, रात्री चार-चार वेळा उठावं लागत असेल, तर आठवड्याला ठरलेले काही तास सुटका आणि दुसरं माणूस मिळालं की फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनाही आश्वासक उपायांत काळजीवाहकांवरचा भार हलका करणं, पैशांच्या व्यवहारात मदत, हेल्पलाइन आणि तातडीचा निवारा हेच धरते. थकव्यातून होतंय की धाकात ठेवण्यासाठी, हे ओळखायची साधी खूण: पाहुण्यांसमोर हात आवरता येतो का? येत असेल तर ताळ सुटलेला नाही.

जमाखर्च

पैशाकडे कुणी फार बघत नाही, पण पहिली खूण बऱ्याचदा तिथेच. पेन्शन जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी जवळपास सगळी रक्कम एकदम काढलेली. वीजबिल थकलेलं आणि घरात नवी मोठी वस्तू. वारस बदललेला, आजींना आठवत नाही. न वाचता केलेल्या सह्या.

सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सगळे व्यवहार करायचा लेखी अधिकार, देऊ नये. काम, रक्कम आणि मुदत लिहिलेलं मर्यादित द्यावं. 'दोघांपैकी कुणीही' अशा संयुक्त खात्यात दुसरा माणूसही मालकासारखाच पैसे काढू शकतो, हे सह्या करताना कुणी सांगत नाही. घरखर्चासाठी वेगळं छोटं खातं उघडून महिन्याची रक्कम त्यात वळवावी, बाकी शिल्लक आजींच्या एकटीच्या खात्यात. व्यवहाराचे मेसेज आजींच्याच फोनवर, आणि तिमाही उतारा व्यवहार न करणाऱ्या तिसऱ्या माणसाकडे. घर हयातीत नावावर करून देण्यापेक्षा मृत्युपत्र बरं. करायचंच तर तहहयात राहण्याचा हक्क दस्तात लिहूनच, तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

धोका सांगून ठेवतो. छळणारा पुष्कळदा स्वतःच त्या वृद्धेच्या घरावर आणि पेन्शनवर जगत असतो. एका दिवसात सगळे पैसे बंद केले तर भडका उडतो. आधी आजींच्या सुरक्षिततेची सोय, मग पिन बदलणं.

रात्रपाळी

केतकी, ऐंशीच्या जोडप्याबद्दल. एकाच प्रश्नाने निकाल लागतो: कधीपासून? चाळीस वर्षं मारत आलाय तर तो आजार नव्हे, फक्त आता त्याला वयाचं नाव मिळालंय. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत शांत असलेला माणूस अचानक अंगावर येऊ लागला तर मूत्रमार्गाचा संसर्ग, वेदना, नवं औषध, बद्धकोष्ठ, स्मृतिभ्रंश हे तपासायला तातडीने न्या. दोन्ही बाबतींत बाईंना वेगळी, आतून कडी लागणारी खोली हवी. निदान झालं म्हणजे मार कमी लागतो असं नाही.

लैंगिक अत्याचार या वयात होत नाही हा समज खुळचट आहे. गुप्तांगातून रक्त, बसताना कळ, अचानक आंघोळीची किंवा ठरावीक माणसाची धास्ती, नवा लैंगिक संसर्ग, यांपैकी काही दिसलं तर आंघोळ घालू नका, तोंड धुवायला लावू नका, कपडे धुवू नका. कपडे प्रत्येकी वेगळ्या कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुने खराब होतात. एचआयव्ही प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. पाळी गेल्यावर गुप्तांगाची त्वचा पातळ होते, इजा लवकर होते. पण इजा दिसली नाही म्हणजे काही झालंच नाही, असा अर्थ काढू नये. आजोबांनाही हेच लागू, ते सांगत नाहीत एवढंच.

नोंद त्यांच्याच शब्दांत करा. 'छळ झाला' असं न लिहिता 'त्या म्हणाल्या: दंड धरून ढकललं', तारीख, वेळ. फोटो परवानगीनेच, एक लांबून आणि एक जवळून मोजपट्टी ठेवून, आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नाही.

केतकी_र

खूपच उपयोगी. बाहेर पडायची तयारी हा भाग राहिला. तरुण बायकांसाठीच्या याद्या इथे पुरत नाहीत ना?

विदुला

नाही पुरत. पिशवी शेजारी किंवा मैत्रिणीकडे ठेवा, घरात सापडते. त्यात सात दिवसांच्या गोळ्या चिठ्ठीसकट, जुना चष्मा, यंत्राच्या बॅटऱ्या, कागदपत्रांच्या प्रती आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिलेले नंबर. फोन हिसकावला तर त्यातले नंबर कुणाला पाठ असतात? गोळ्या महिन्यातून एकदा बदला. दारापर्यंतचं अंतर वॉकरने एकदा घड्याळ लावून चालून बघा. उंबऱ्यापाशी वॉकर अडत असेल तर पळून जायचा बेत कागदावरच राहतो. त्यापेक्षा ठरलेल्या वाक्यावर शेजारणीने येऊन बेल दाबणं जास्त खात्रीचं.

निवाऱ्याला आधी फोन करून विचारा: जिने किती, संडासात धरायला दांडा आहे का, रात्री उठवायला माणूस आहे का, इन्सुलिन ठेवायला फ्रिज आहे का, वृद्ध पुरुषांना घेतात का. ही चौकशी शांत दिवशी करून ठेवावी. रात्री दोन वाजता 'आमच्याकडे अंथरुणाला खिळलेले चालत नाहीत' हे उत्तर ऐकून आजींना परत त्याच घरी सोडावं लागतं.